राखणदाराच्या घरी मांजराचे पिल्लू

पावसाळा सरून सोयाबीन घरी आले, की वऱ्हाडात त्याच्या पाठोपाठ उंदीरही घरी येतात. पीक शेतात उभे असेपर्यंत बांधावरच्या बिळांत त्यांचा निर्वाह होतो. कापणी झाली, की त्यांचा मोर्चा गोठ्यातील कुटार, माळ्यावरील पोती आणि पेरणीकरिता राखून ठेवलेला हरभरा यांकडे वळतो. एक उंदीर दिवसाला साधारण १५ ते २५ ग्रॅम धान्य खातो. परंतु खाण्यापेक्षा लेंड्या, मूत्र व केस यांनी तो जे नासवतो, ते नुकसान मोठे असते. एका रात्रीत चार पोती कुरतडली गेली, म्हणजे घरात मांजर आणण्याचा विचार निघतो आणि शेजारच्या गावाहून एखादे पिल्लू पिशवीत घालून आणले जाते.

अडचण येथूनच सुरू होते. बहुतेक शेतकऱ्यांच्या दारात राखणीचा कुत्रा असतो. पिशवी अंगणात उघडली जाते, घाबरलेले पिल्लू जीव घेऊन पळते आणि पळणाऱ्या वस्तूमागे धावणे हा कुत्र्याचा स्वभावच असल्यामुळे तो झेप घेतो. पिल्लू वाचले, तर कुटारात किंवा शेजारच्या माळ्यावर नाहीसे होते. न वाचले, तर मुलांच्या डोळ्यांदेखत मरते. याहून वाईट गोष्ट अशी, की एखादे मूल पिल्लाला वाचविण्याकरिता मध्ये पडते आणि दोहोंपैकी एकाचा दात त्याच्या हाताला किंवा चेहऱ्याला लागतो. नुकसान धान्याचे होते आणि दवाखाना मुलाच्या वाट्याला येतो. हे सर्व पंधरा-वीस दिवसांच्या धीराने टाळता येण्यासारखे आहे.

वैर जन्माचे नव्हे

कुत्र्या-मांजराचे वैर आपल्या बोलण्यात इतके रुजले आहे, की ते निसर्गाचा नियमच आहे असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. कुत्रा माणसाजवळ आला तो शेतीच्याही आधी, माणूस शिकारीवर जगत होता तेव्हा. जर्मनीत बॉन शहराजवळ १९१४ साली सापडलेल्या एका दफनात माणसांसोबत पुरलेल्या कुत्र्याचे अवशेष सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे आहेत. मांजर मागाहून आले आणि ते धान्यामागे आले. पश्चिम आशियात माणसाने धान्य साठविण्यास आरंभ केला, साठ्यावर उंदीर जमले आणि उंदरांमागे तेथील रानमांजर वस्तीत शिरले. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाच्या शेजारी मांजर पुरलेले आढळले. हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला.

यावरून दोघांचा स्वभाव उमगतो. कुत्रा टोळीने राहणारा, धावत्या सावजाचा पाठलाग करणारा आणि माणसाच्या शब्दाकडे कान देणारा आहे. मांजर एकट्याने दबा धरणारे, उंच जागी निर्धास्त होणारे आणि आपल्या जागेशी बांधलेले आहे. एकाला धावण्याची ओढ, तर दुसऱ्याला संकटात पळण्याची सवय. पहिल्या भेटीत हे दोन स्वभाव समोरासमोर आले, की तंटा होतो. पळणे आणि पाठलाग या दोन्ही गोष्टी घडूच दिल्या नाहीत, तर तंट्याचे कारण उरत नाही.

प्रथम कुत्र्याची परीक्षा

पिल्लू आणण्यापूर्वी घरच्या कुत्र्याचा विचार करावा. कोंबड्या अंगणात चरत असता जो कुत्रा शांत पडून राहतो, मालकाने हाक मारताच जो पाठलाग सोडून परत येतो, त्याच्या घरी पिल्लू सुखाने नांदण्याची आशा बाळगावी. ज्याने पूर्वी मांजर, कोंबडी किंवा ससा मारला आहे, त्याच्या दारी पिल्लू आणू नये. कुत्री व्यालेली असल्यास तिची पिल्ले मोठी होऊन सुटी होईपर्यंत थांबावे. लेकुरवाळी कुत्री एरवी कितीही गरीब असली, तरी त्या दिवसांत विश्वासार्ह नसते. कुत्र्याला साखळीची किंवा दाव्याची सवय नसेल, तर पिल्लू येण्याच्या आधी पंधरा दिवस ती लावावी. ‘बस’ आणि ‘थांब’ हे दोन शब्द त्याला समजले, तर अर्धे काम झाले असे मानण्यास हरकत नाही.

पिल्लू निवडताना वय पाहावे. आठ आठवडे पुरे होण्याच्या आत ते आईपासून तोडू नये. आईजवळ असतानाच ते खाणे, अंग चाटून स्वच्छ ठेवणे आणि चाव्याचा जोर आवरणे शिकते. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यांच्या दरम्यान ज्याला माणसांचा हात आणि कुत्र्याचा वावर परिचित झाला आहे, असे पिल्लू मिळाल्यास फारच उत्तम. डोळे स्वच्छ, नाक कोरडे व पोट मऊ असावे. डोळ्यांना चिपडे असलेले किंवा हगवण लागलेले पिल्लू घरात आणल्यास घराला उपयोग होत नाही आणि पिल्लूही हाती राहत नाही.

काळवेळही सांभाळावी. सोयाबीनच्या काढणीची गर्दी, कापसाच्या वेचणीचे दिवस किंवा दिवाळीतील फटाके यांच्या धामधुमीत हे काम हाती घेऊ नये. घरात एक तरी समंजस माणूस दिवसभर असेल असा आठवडा निवडावा. उन्हाळ्यात अकोला-अमरावतीकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत पिल्लू टिनाच्या खोलीत कोंडून ठेवल्यास ते कुत्र्यावाचूनही दगावेल.

पहिला आठवडा : वासाची ओळख

अकोटकडील एखाद्या मध्यम शेतकऱ्याचे घर डोळ्यांसमोर आणावे. पुढे ओसरी, मध्ये माजघर, एका बाजूस धान्याची खोली, मागे गोठा. पिल्लाला प्रथम धान्याच्या खोलीत किंवा दार लागेल अशा दुसऱ्या कोणत्याही लहान खोलीत ठेवावे. उंदरांकरिता विषाच्या गोळ्या पूर्वी टाकल्या असतील, तर त्या वेचून व खोली झाडून मगच पिल्लू आत न्यावे. खोलीत पाण्याची वाटी, जुन्या लुगड्याचा तुकडा अंथरलेले टोपले आणि एका घमेल्यात कोरडी माती किंवा वाळू असावी. मांजर उपजत मातीत विष्ठा झाकते. दोन-तीनदा घमेल्यात नेऊन ठेवले, की त्याला जागा कळते. घमेले व पाणी यांत अंतर ठेवावे. भिंतीतील कोनाडा किंवा फळी मोकळी करून द्यावी. उंच जागा सापडली, की पिल्लाची अर्धी भीती कमी होते.

या आठवड्यात दोघांची दृष्टभेट होऊ देऊ नये; ओळख वासाने व्हावी. पिल्लाच्या टोपल्यातील कापड कुत्र्याच्या बसण्याच्या जागी ठेवावे आणि कुत्र्याचे पोते किंवा गोणपाट पिल्लाच्या खोलीत ठेवावे. कुत्र्याने कापड हुंगले आणि शांत राहिला, तर त्याच वेळी त्याला भाकरीचा तुकडा द्यावा. दाराच्या एका बाजूस कुत्र्याचे खाणे व दुसऱ्या बाजूस पिल्लाचे खाणे ठेवावे. प्रथम दारापासून लांब, मग रोज थोडे जवळ. नवा वास आला, की खाणे मिळते, अशी सांगड दोघांच्या मनात बसते. दाराशी कुत्रा सारखा उकरत किंवा केकाटत असेल, तर तो अद्याप तयार नाही. आणखी चार दिवस जाऊ द्यावेत.

दुसरा आठवडा : डालग्याचा उपयोग

वासाची ओळख झाल्यावर नजरेची ओळख करावी. याकरिता विकतचा पिंजरा आणण्याचे कारण नाही. कोंबड्या झाकण्याचे बांबूचे डालगे बहुतेक घरी असते. पिल्लाला त्याखाली ठेवून वर दगडाचे वजन द्यावे, म्हणजे ते उलटणार नाही. आत अंथरूण व थोडे खाणे ठेवावे. कुत्र्याला फिरवून, दमवून व पोटभर खाऊ घालून मगच साखळीने बांधून आणावे आणि डालग्यापासून पंधरा हातांवर बसवावे. साखळी मोठ्या माणसाच्या हाती असावी, मुलाच्या नव्हे. कुत्र्याने डालग्याकडे पाहिले व पुन्हा मालकाकडे पाहिले, की लगेच तुकडा द्यावा. पाच-सात मिनिटांत ही भेट आटोपती घ्यावी. दिवसातून दोन-तीन वेळा असे करून अंतर हळूहळू कमी करावे.

या वेळी कुत्र्याला मारणे ही सर्वांत मोठी चूक होय. काठी पडली, की हे दुःख या नव्या प्राण्यामुळे झाले, एवढेच त्याला कळते आणि मालक नसताना तो त्याचे उट्टे काढतो. तो ताठरला, तर काही न बोलता त्याला दूर न्यावे. तसेच पिल्लाला हातात धरून कुत्र्याच्या तोंडासमोर नेण्याची हौस कोणी करू नये. पिल्लू सुटण्याकरिता नखे चालवते आणि ती धरणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत पोहोचतात.

शेपटीची भाषा

दोघांच्या खुणा परस्परविरुद्ध असल्यामुळे गैरसमज होतात आणि पाहणारा माणूसही फसतो. कुत्र्याची शेपटी सैलपणे, सगळ्या अंगासह हलली तर तो खुशीत असतो. पण शेपटी उंच व ताठ असून टोकच थरथरत असेल, तर ते आनंदाचे लक्षण नव्हे. मांजराची हलणारी, आपटणारी शेपटी चीड दाखविते. उलट सरळ उभी शेपटी ठेवून ते येते, तेव्हा ते सलोख्याने येत असते. कुत्रा खेळाचे आमंत्रण देताना पुढचे पाय पसरून वाकतो व पंजा उगारतो. मांजराला तो हल्ला वाटतो.

पुढील लक्षणे दिसताच भेट थांबवावी : कुत्र्याची नजर एका जागी खिळणे, तोंड मिटून अंग ताठ होणे, मानेवरचे केस उभे राहणे, हाक मारूनही कान न हलणे. गुरगुरणाऱ्या कुत्र्यापेक्षा असा निःशब्द, खिळलेला कुत्रा अधिक धोक्याचा. पिल्लाने पाठीची कमान करून फिस्कारणे मात्र स्वाभाविक आहे. दोन-चार दिवसांत ते कमी होते. न झाल्यास अंतर वाढवावे.

कुत्रा डालग्याजवळ पडून झोपू लागला आणि पिल्लू त्याच्या देखत खाऊ लागले, की पिल्लाला मोकळे करावे. तेव्हाही कुत्र्याच्या गळ्यातील दोरी जमिनीवर लोळती राहू द्यावी, म्हणजे प्रसंगी तीवर पाय देऊन त्याला आवरता येते. मोठे माणूस हजर असल्यावाचून दोघांना एकत्र सोडणे, निदान पहिला महिनाभर, सर्वथा टाळावे. रात्री राखणीकरिता कुत्रा मोकळा सोडला जातो; त्या वेळी पिल्लू आत असावे. काही घरी पंधरा दिवसांत दोघे एका सावलीत बसतात, काही घरी दोन-तीन महिने लागतात. दोघांनी एकमेकांकडे दुर्लक्ष केले, तरी काम साधले. प्रेमच जडले पाहिजे असे नाही.

खाण्याची व्यवस्था

दोघांचे खाणे नेहमी वेगळे व वेगळ्या जागी असावे. मांजराचे फळीवर, कुत्र्याचे जमिनीवर. कुत्रा भाकरी-वरणावर पुष्कळसा निभावतो. मांजराचे तसे नाही. त्याच्या शरीराला मांस, मासे किंवा अंडी यांतील काही द्रव्ये अत्यावश्यक असतात. शाकाहारी घरातील मांजर उंदीर-पाली मारून ती उणीव काही अंशी भरून काढते, पण पिल्लाला अद्याप शिकार साधत नाही. अशा घरी बाजारातील मांजरखाद्याचा थोडा आधार द्यावा. नुसत्या दुधावर पिल्लू वाढत नाही आणि पुष्कळांना गाई-म्हशीच्या दुधाने हगवण लागते. कांदा व लसूण घातलेली भाजी दोघांनाही अपायकारक आहे. उपाशी मांजर जास्त उंदीर मारते ही समजूतही चुकीची होय; उपाशी मांजर घर सोडून जाते. पोटाला मिळणारे मांजर घरी टिकते आणि सवयीने शिकार करीतच राहते.

लस, दंश व दक्षता

कुत्रा आणि मांजर दोघांपासूनही माणसाला पिसाळ रोग म्हणजे रेबीज होऊ शकतो आणि त्याची लक्षणे एकदा दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. लुई पाश्चरने ६ जुलै १८८५ रोजी एका मुलाला या रोगाची लस प्रथम टोचली; आज ती प्राथमिक आरोग्य केंद्रांतून व सरकारी रुग्णालयांतून टोचली जाते. तेव्हा या रोगाने कोणाचा मृत्यू होणे, हे पुष्कळ अंशी उशिराचे व अज्ञानाचे फळ होय. घरच्या कुत्र्याला लस टोचलेली नसेल, तर पिल्लू आणण्यापूर्वी टोचून घ्यावी. पिल्लाला तीन महिन्यांच्या सुमारास टोचावी व पुढे दोघांचीही लस पशुवैद्यकांच्या सांगण्याप्रमाणे दर वर्षी चालू ठेवावी. त्याच भेटीत जंताचे औषध द्यावे. गावात दवाखाना नसल्यास फिरत्या पशुवैद्यकीय पथकाकरिता १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

चावा किंवा ओरखडा लागल्यास, मग तो घरच्या प्राण्याचा व कितीही लहान असो, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. तिखट, हळद, चुना असे काही त्यात भरू नये व घट्ट बांधू नये. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे आणि सांगितलेल्या सर्व मात्रा पुऱ्या कराव्यात. एक-दोन सुया घेऊन थांबणे हे न घेण्याइतकेच घातक ठरू शकते.

घमेल्यातील घाण रोज काढावी. मांजराच्या विष्ठेतील टॉक्सोप्लाझ्मा हा सूक्ष्म जीव एक-दोन दिवसांनंतर बाधक होतो व गर्भास इजा करतो. म्हणून गर्भवती स्त्रीने हे काम करू नये. धारणी-चिखलदऱ्याकडील गावांनी तर लसीकरणाकडे विशेष लक्ष द्यावे. कुत्र्यांतील डिस्टेंपर रोग वाघ-सिंहांनाही होतो. २०१८ साली गीरच्या जंगलात सिंह दगावले, तेव्हा त्यांच्यात हा रोग आढळला होता. मेळघाटाच्या सीमेवरील कुत्रा निरोगी ठेवणे, हे जंगलाच्याही हिताचे आहे.

विष आणि मांजर एका घरात नको

मांजर आणल्यावर उंदरांकरिता विषारी आमिष घरात ठेवू नये. ब्रोमॅडिओलोनसारखे विष खाल्लेला उंदीर दोन-चार दिवस मंदावून फिरतो, तो मांजराच्या हाती सहज सापडतो आणि विष मांजराच्या पोटात जाते. शेतात झिंक फॉस्फाईडचे आमिष टाकावयाचे असेल, तर त्या दिवसांत कुत्रा व मांजर दोघांनाही बांधून किंवा कोंडून ठेवावे आणि मेलेले उंदीर वेचून खोल पुरावेत.

गोठ्यातील औषधांविषयीही हीच सावधगिरी हवी. गुरांच्या गोचिडांवर किंवा कुत्र्याच्या पिसवांवर लावावयाचे औषध मांजराला कधीही लावू नये. त्यांतील पर्मेथ्रिन हे द्रव्य कुत्र्याला सोसते, मांजराला झटके आणून मारते. कुत्र्याला औषध लावल्यावर ते वाळेपर्यंत मांजराला त्याच्याजवळ जाऊ देऊ नये. माणसाच्या तापावरील पॅरासिटामॉलची गोळीदेखील मांजराला प्राणघातक आहे.

मांजराकडून अपेक्षा किती

एक मांजर घर उंदरांपासून मुक्त करील, अशी आशा धरणाऱ्याची निराशा होईल. मांजर घरउंदीर व लहान उंदीर मारते. मोठ्या घुशीच्या वाटेला ते सहसा जात नाही. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते आणि तिची पिल्ले सुमारे तीन महिन्यांत स्वतः विण्यास योग्य होतात. हा वेग मांजराच्या पंज्याला आवरत नाही. म्हणून धान्य उन्हात चांगले वाळवून पत्र्याच्या कोठीत भरावे, पोती भिंतीपासून दोन हात दूर लाकडी फळ्यांवर रचावीत, बिळे काचेचे तुकडे व सिमेंट घालून बुजवावीत, दाराखालची फट पत्र्याने बंद करावी. घर असे बंदिस्त केल्यावर जे उंदीर चुकून शिरतात, त्यांच्याकरिता मांजर.

मांजरांची संख्याही आवरावी. मादी सुमारे नऊ आठवड्यांत विते आणि वर्षातून दोन-तीनदा विऊ शकते. सहाव्या महिन्याच्या आसपास नसबंदी करून घेतल्यास पिल्ले पोत्यात घालून नाल्यावर सोडण्याची पाळी येत नाही. पाळलेल्या प्राण्याला असे टाकून देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे. त्याआधीच अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी मुक्या प्राण्यांना अभय द्यावे, ही शिकवण कीर्तनांतून गावोगावी पोहोचविली होती. मांजर आडवे गेले म्हणून मागे फिरणाऱ्यांनी ती शिकवण आठवावी.

ग्रामसेवकांस या कामी पुष्कळ करता येईल. साठवणुकीविषयी बोलण्यास ते घरी जातात, तेव्हा दारातील कुत्र्याला लस टोचली आहे काय, हा एक प्रश्न त्यांनी न चुकता विचारावा. ग्रामपंचायतीमार्फत पशुवैद्यकीय दवाखान्याशी संपर्क साधून गावात वर्षातून एक दिवस कुत्र्या-मांजरांच्या लसीकरणाचा ठरवावा. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन त्यास सोयीचा आहे. शाळेतील मुलांना जखम धुण्याची रीत प्रत्यक्ष करून दाखवावी, कारण पिल्लाकडे प्रथम धावते ते मूलच.

दारातील कुत्रा चोराला अडवितो, घरातील मांजर उंदराला. दोघे एका छपराखाली नांदावेत म्हणून शेतकऱ्याला पैसा फारसा खर्चावा लागत नाही. एक डालगे, एक साखळी, दोन लसी आणि पंधरा-वीस दिवसांचा धीर एवढे पुरते. पिशवी अंगणात उघडण्यापूर्वी एवढा विचार झाला, तर पेरणीचा हरभरा, पिल्लू आणि घरचे मूल ही तिन्ही सुरक्षित राहतील.